कोणाचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. इशाची नमाज आटोपली होती, माणसे घरोघरी गेली होती आणि मी मशिदीतले दिवे मालवत होतो. मागच्या खांबाशी एक मुलगा बसून राहिलेला दिसला. वय सोळा, नुकताच अकरावीत गेलेला. लहानपणी माझ्याकडेच नाजरा शिकलेला. मी जवळ गेल्यावर त्याने मान वर न करता विचारले, “मौलाना, बापाशी न बोलणं हा मोठा गुनाह आहे का?” मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “आहे.” तो उठला, “बरं” म्हणाला आणि चपला शोधू लागला.

माझे उत्तर शरीअतच्या दृष्टीने बरोबर होते. पण वैद्याने नाडी न पाहता दिलेल्या औषधासारखे होते. सुदैवाने पाऊस मोठा होता, त्याला थांबावे लागले, आणि मलाही माझी चूक उमगायला तेवढा वेळ मिळाला. मी त्याला पुन्हा बसवले. पुढे जे लिहितो आहे ते त्या मुलाच्या आणि त्याच्या वडिलांच्या परवानगीने. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.

त्याने एका दुपारी वडिलांची मोटारसायकल न विचारता काढली होती. साजगावहून खोपोलीकडे निघाला. रस्ता ओला होता, हात कच्चा होता. रस्त्याच्या कडेला टाकळा आणि कुर्डूच्या जुड्या मांडून बसलेल्या एका आदिवासी आजीला गाडीचा धक्का लागला. मनगटाचे हाड मोडले. माणसे जमली. कोणीतरी वडिलांना फोन केला. ते कारखान्यातून पाळी सोडून धावत आले आणि चार लोकांसमोर त्यांनी सांगितले, “गाडी मी चालवत होतो. पोरगा मागे बसला होता.” दवाखान्याचा खर्च त्यांनी दिला, प्लास्टर घातले गेले, प्रकरण तिथल्या तिथे मिटले. आपल्या माणसांना खरे काय ते कळलेच. मोहल्ल्यात जो तो म्हणाला, बाप असावा तर असा.

त्या दिवसापासून मुलगा वडिलांशी बोलत नव्हता. मी विचारले, “अरे, ज्याने तुझ्यासाठी एवढे केले त्याच्यावर राग कसला?” तो म्हणाला, “मौलाना, अब्बांनी माझा गुनाह घेतला, पण रोज जेवायला बसलो की तो परत माझ्या ताटात वाढतात. तुझ्यासाठी मी खोटं बोललो, तुझ्यासाठी मान खाली घातली. मला तो एकदाच पुरा देऊन टाका म्हणावं.”

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतो आहे.

आणखी एक गोष्ट त्याने चाचरत सांगितली, ती मला लिहिणे भाग आहे. त्या घटनेच्या आदल्याच जुम्याला मी आईवडिलांच्या हक्कांवर बयान केले होते. बयान चांगले झाले असे लोक म्हणाले होते. त्याच बयानातील वाक्ये वडील घरी त्याला ऐकवत होते. मिंबरावरून दिलेली नसीहत घरात पोहोचेपर्यंत छडी झाली होती. दोष त्या पित्याचा किती आणि माझा किती, हे अल्लाहच जाणे. पण त्या बयानात मी अर्धीच गोष्ट सांगितली होती, हे आता मला स्पष्ट दिसते.

ती अर्धी गोष्ट कोणती? सूरह बनी इस्राईलच्या तेविसाव्या आयतीत अल्लाह तआलाने आपल्या उपासनेच्या आज्ञेला लागूनच आईवडिलांशी सद्वर्तनाची आज्ञा दिली आहे. त्यांना ‘उफ़’ एवढेदेखील म्हणू नये, झिडकारू नये, त्यांच्याशी आदराने बोलावे. ही आयत आपल्याकडे मुलामुलांना पाठ असते. लग्नाच्या खुतब्यात, जनाजाच्या वेळी, शाळेच्या कार्यक्रमात ती ऐकवली जाते. परंतु वाचकहो, तीच सूरह उघडा आणि दहा आयती मागे जा. तेराव्या-चौदाव्या आयतीत अल्लाह सांगतो की प्रत्येक माणसाच्या कर्माचा लेखा त्याच्याच गळ्यात बांधलेला आहे. कयामतच्या दिवशी तो त्याच्यासमोर उघडला जाईल आणि त्याला सांगितले जाईल की तूच वाच, तुझा हिशेब घ्यायला आज तू स्वतः पुरेसा आहेस. आणि पंधराव्या आयतीत येते की ओझे वाहणारा कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. हीच घोषणा कुरआनात पाच वेळा आली आहे. सूरह अन्आम, सूरह फ़ातिर, सूरह ज़ुमर आणि सूरह नज्म यांतही ती आहे.

म्हणजे ‘उफ़’ म्हणू नकोस हे ज्याला सांगितले, त्याला आठ आयती आधीच सांगून ठेवले आहे की तुझा हिशेब तुझा आहे. आज्ञाधारक मूल हवे तर आधी जबाबदार माणूस हवा, असा या क्रमाचा अर्थ मला लागतो. ज्याच्या गळ्यात स्वतःचा लेखाच नाही त्याच्या आदराला तरी काय मोल? पोपटही शिकवले तसे बोलतो. आम्ही मिंबरावरचे लोक तेविसावी आयत सांगतो आणि पंधरावी राहून जाते. घरांमधले निम्मे भांडण त्या आठ आयतींच्या अंतरात असावे, असे मला वाटते.

आपल्या घाटापलीकडचेच एक प्रकरण घ्या. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि त्यात एक तरुण व एक तरुणी, दोघेही संगणक अभियंते, मरण पावले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे. बाल न्याय मंडळाने काही तासांतच जामीन दिला. त्याच्या अटींत अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, आणि त्यावर महाराष्ट्रभर संताप उसळला. पुढे जे आरोप समोर आले ते अधिक अस्वस्थ करणारे होते. गुन्हा स्वतःवर घेण्यासाठी घरच्या चालकावर दबाव आणल्याचा आरोप झाला. मुलाच्या रक्ताच्या नमुन्याच्या जागी आईच्या रक्ताचा नमुना ठेवल्याचा आरोप झाला. वडील, आजोबा, आई, सर्वांना अटक झाली. प्रकरण न्यायालयात आहे आणि निकालाआधी कोणाला दोषी ठरवणे हे आपले काम नाही. पण आरोपांचे स्वरूप तेवढे पाहा. मुलाच्या रक्ताची साक्ष आईच्या रक्ताने पुसता येईल, अशी कल्पना माणसाच्या मनात येऊ शकते! ममता आणि अन्याय एकमेकांच्या इतक्या जवळ राहतात.

ते श्रीमंतांचे प्रकरण, आमचा त्याच्याशी संबंध काय, असे आपण म्हणाल. साजगावच्या रस्त्यावर मोटारसायकल होती, तिथे महागडी परदेशी मोटार होती. तिथे दोन जीव गेले, इथे एक मनगट मोडले. पण बापाने पुढे होऊन जे वाक्य उच्चारले त्याची जात एकच आहे.

कायदाही या बाबतीत डोळे मिटून नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. पालकाला आपल्या नकळत घडल्याचे सिद्ध करावे लागते.

इथे एखादा सुजाण वाचक शंका घेईल. कोणी कोणाचे ओझे वाहणार नाही असे कुरआन सांगते, मग मुलाच्या कृत्याबद्दल बापाला का विचारायचे? शंका रास्त आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सांगितले आहे की तुमच्यापैकी प्रत्येकजण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या रखवालीत दिलेल्यांविषयी विचारले जाईल. ही हदीस बुख़ारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. या दोन वचनांत विरोध नाही, कारण प्रश्न दोन आहेत. बापाला विचारले जाईल की गाडीची किल्ली खुंटीवर का होती, मूल कुठे जाते हे तुला ठाऊक होते का, खरे बोलायला तू त्याला शिकवलेस का. मुलाला विचारले जाईल की तू गाडी का काढलीस आणि त्या आजीचे काय केलेस. खाती दोन आहेत. घोळ होतो तो आपण ती एकमेकांत मिसळतो तेव्हा. बाप आपल्या खात्यातील जाब द्यायचा टाळतो आणि मुलाच्या खात्यातील कर्ज फेडायला जातो. ते तर त्याच्याने फिटणारच नाही. सूरह लुकमानच्या तेहतिसाव्या आयतीत ज्या दिवसाचे भय बाळगायला सांगितले आहे, त्या दिवशी बाप मुलाच्या काही कामी येणार नाही आणि मुलगा बापाच्या.

“पण इस्लाममध्ये दोष झाकण्याला पुण्य आहे ना?” असेही मला विचारले गेले. आहे. जो एखाद्या मुसलमानाचा दोष झाकतो त्याचा दोष अल्लाह झाकतो, ही हदीस सर्वांना ठाऊक आहे. मुलगा चोरून सिगारेट ओढताना दिसला तर चार लोकांत त्याची अब्रू काढू नका, एकांतात समजवा. पण जिथे दुसऱ्याचा हक्क बुडाला आहे तिथे पांघरूण घालणे म्हणजे त्या दुसऱ्यालाच पांघरुणाखाली गुदमरवणे होय. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत साक्ष देताना ती स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध किंवा नातलगांविरुद्ध जात असली तरी न्यायावर ठाम राहण्याची आज्ञा आहे. बंद्याच्या हक्काची तौबा केवळ मुसल्ल्यावर होत नाही, तो हक्क परत करावा लागतो. प्रेषितांनी (सल्ल.) आपल्या सहाबांना विचारले होते की दिवाळखोर कोणाला म्हणावे, आणि मग सांगितले की जो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण ज्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणाचा माल खाल्ला असेल, कोणाला मारले असेल, आणि ज्याची पुण्ये एकेक करून त्या पीडितांना वाटली जातील, तो.

आमच्या या गोष्टीत पीडित कोण होते? मोहल्ल्याने बापाचा त्याग पाहिला, मुलाची भीती पाहिली. आजी कोणाच्या बोलण्यात नव्हती. गाडीवर कोण होते हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असणार. ती गप्प राहिली, आणि गरिबाच्या गप्प राहण्याला आपण नेहमीच संमती धरतो.

मी त्या पित्याशी बोललो ते दोन आठवड्यांनंतर, फजरच्या नमाजनंतर. ते रागावले. “मौलाना, तुमचं पोर अजून चार वर्षांचं आहे,” ते म्हणाले, “ते सोळाचं झालं की मग मला आयती सांगा. आपल्या पोराचं नाव एकदा ठाण्याच्या वहीत चढलं की ते पुसणार कोण? तुम्ही?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. त्यांची भीती खोटी नव्हती. आपल्या घरांतील प्रत्येक आईबाप ती भीती उशाशी घेऊन झोपतात. तिला कमी लेखून दिलेला उपदेश उपदेशकाला शोभत नाही. मी एवढेच म्हणालो, “ठाणे राहू द्या क्षणभर. त्या आजीच्या दारात जायला तर कोणाची भीती नाही?” ते काही न बोलता निघून गेले.

आता, तरुण मित्रा, तुझ्याशी दोन शब्द. हे मासिक घरात येते तेव्हा तू ते उघडत नाहीस, हे मला ठाऊक आहे. कोणी हे पान तुझ्यापुढे मुद्दाम ठेवले असेल तर त्याच्यावर रागावू नकोस. तुझ्या खतनाला जेवण झाले, तुझ्या बिस्मिल्लाहला मिठाई वाटली गेली. पण ज्या दिवशी तुझी कर्मे खऱ्या अर्थाने तुझ्या नावावर लिहिली जाऊ लागली, त्या दिवशी घरात काहीच झाले नाही. तुला कोणी सांगितलेदेखील नाही. मूल बालिग होईपर्यंत त्याच्यावरून लेखणी उचललेली असते, असे हदीसमध्ये आहे. बालिग होण्याची लक्षणे दिसली की ती लेखणी चालू होते. ती दिसली नाहीत तरी आपल्या कोकणातील शाफई मजहबात चांद्र पंधरा वर्षांची मर्यादा आहे आणि हनफी मजहबातील फतवाही पंधरावरच आहे. इंग्रजी तारखांनी ते सुमारे साडेचौदा वर्षे होतात. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) चौदा वर्षांचे असताना उहुदच्या लढाईसाठी पुढे आले तर प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना परत पाठवले, आणि खंदकच्या वेळी पंधराव्या वर्षी परवानगी दिली. सरकार तुला अठराव्या वर्षी सज्ञान मानते. अल्लाहच्या दरबारात तू नववी-दहावीतच सज्ञान झाला आहेस. हे ओझे आहे, पण तो मानही आहे. घरात तुला कोणी मोठे समजत नाही अशी तुझी तक्रार असते ना? मग मोठ्या माणसाचे पहिले काम कर. चूक माझी होती, हे वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हण. त्यासाठी बापाच्या परवानगीची गरज नाही.

आणि ‘उफ़’ची आज्ञा तुला लागू आहेच. वडिलांचे चुकले तरीही आहे. आईवडील शिर्ककडे ओढू लागले तर त्यांचे ऐकू नये, पण व्यवहारात त्यांना चांगली साथ द्यावी, असे सूरह लुकमानच्या पंधराव्या आयतीत आहे. म्हणजे मतभेद एवढा टोकाचा असला तरी बोलणे तुटत नाही. अबोला हे मुलांच्या हातातील फार धारदार शस्त्र आहे. ते चालवताना आपण किती खोल कापतो हे तुम्हाला दिसत नाही, कारण बापमाणूस रडताना दिसत नाही.

मात्र या ‘उफ़’ला दुसरी बाजू आहे आणि ती पालकांनी ऐकावी. हजरत अनस (रजि.) दहा वर्षांचे असताना त्यांच्या आईने त्यांना प्रेषितांच्या (सल्ल.) सेवेत दिले. वयाची दहा ते वीस, म्हणजे नेमकी ती वर्षे, ज्यांत मुले ऐकत नाहीत, विसरतात, उलट बोलतात. मोठेपणी ते सांगत असत की त्या साऱ्या काळात प्रेषित मला एकदाही ‘उफ़’ म्हणाले नाहीत, हे का केलेस किंवा हे का केले नाहीस असे कधी विचारले नाही. जो शब्द कुरआनने मुलाच्या तोंडी निषिद्ध केला, तोच शब्द अल्लाहच्या प्रेषिताने एका मुलासमोर कधी उच्चारला नाही! मराठीचा विद्यार्थी असल्यामुळे मी संबोधनांकडे जरा जास्त लक्ष देतो. कुरआनात हजरत नूह (अलै.), इब्राहीम (अलै.), याकूब (अलै.) आणि हजरत लुकमान मुलाला हाक मारतात ती ‘या बुनय्य’ अशी. हे ‘मुला’ नव्हे. आपल्याकडचे ‘माझ्या लेकरा’ त्याच्या जवळ जाते. नूह (अलै.) यांचा मुलगा तर वादळाच्या तोंडी बापाचे ऐकायला नकार देत होता, तरीही हाक तीच. आपण पाण्याचा ग्लास आणायला सांगतानाही ‘ए’ म्हणतो.

आईवडिलांसंबंधीच्या आज्ञेनंतर त्याच सूरह बनी इस्राईलमध्ये पंचविसावी आयत आहे. तुमच्या मनात काय आहे ते तुमचा पालनकर्ता चांगले जाणतो, तुम्ही नेक राहाल तर वळून येणाऱ्यांना तो क्षमा करणारा आहे, असा तिचा आशय. आईवडिलांशी वागताना ज्याच्याकडून चूक झाली पण ज्याचे मन वाईट नव्हते त्याला यात दिलासा आहे, असे मुफ़स्सिर सांगतात. तो मुलगा त्या रात्री चपला शोधत होता तेव्हा मी त्याला ही आयत सांगायला हवी होती.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. काही दिवसांनी बाप आणि मुलगा दोघे त्या आजीच्या वाडीवर गेले. मला त्यांनी नेले नाही, मीही गेलो नाही. कोण आधी बोलले हे मला माहीत नाही. मुलाने खरे सांगितल्यावर आजी म्हणाली, “मला ठावं व्हतं. बाप बोलला तवा पोरगं खाली बघत व्हतं. म्हनून गप ऱ्हायले.” तिच्या गप्प राहण्याविषयी वर मी जे लिहिले ते म्हणजे तिच्यावर अर्धा अन्यायच झाला.

दवाखान्याचा खर्च दिला गेला होता, पण सहा आठवडे हात गळ्यात अडकल्याने तिचा रानभाज्यांचा सारा हंगाम बुडाला होता, त्याचा विचार कोणी केला नव्हता. मुलाने तिच्यापाशी बसून हिशेब लिहून घेतला. वडील देऊ लागले तर तो नको म्हणाला. कार्तिकी एकादशीला आमच्या ताकई-साजगावला विठोबाची मोठी यात्रा भरते. सुक्या बोंबलांचा बाजार ही तिची ख्याती, तिथे खरेदीला सगळ्या समाजांची माणसे येतात. त्या दिवसांत तो शाळा सुटल्यावर एका सुक्या मासळीच्या दुकानावर गोणी उचलायला आणि तराजू धरायला राहिला. संध्याकाळी मगरिबला आला की जवळचे लोक नाकाला रुमाल लावत. वडील त्याच्या शेजारी उभे राहत. दोघे अजून फार बोलत नाहीत. ताटावर जुना विषय निघत नाही, असे मुलगा सांगतो.

आजीच्या हिशेबातील काही रक्कम अजून द्यायची आहे. ती तो महिन्याच्या महिन्याला नेऊन देतो.